नागीण गेल्यानंतरचा पहारा

सदऱ्याच्या आतल्या अंगाला, काखेपासून कमरेपर्यंत, कापडाच्या दोन कडा दुमडून एकत्र शिवलेल्या असतात. साध्या सुती सदऱ्यात त्या दुमडीची उंची एक मिलिमीटरही भरत नाही. तिने ती मोजली होती. प्रयोगशाळेत, दुपारच्या सुट्टीत, आसपास कुणी नसताना, शिवणीचा एक तुकडा भिंगाखाली ठेवून. आणि मोजून झाल्यावर, एखाद्याच्या पाठीमागे त्याची चौकशी केल्यासारखं तिला उगाच ओशाळवाणं वाटलं होतं. एवढ्याशा बांधाला आपण भितो. पण भीत होती हे खरं. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या बरगड्यांवर नागीण उठली. पाठीच्या कण्यापासून छातीच्या खाली वळणारा फोडांचा पट्टा; फोड पाण्याने भरले, मग सुकले, खपल्या धरल्या आणि पडल्या. कातडीवर आता फिकट डागांची एक तुटक ओळ तेवढी उरली होती, डॉक्टरांच्या भाषेत सगळं ‘छान भरून आलं’ होतं. दुखणं मात्र भरून यायचं विसरलं. फोड असताना दुखलं त्यात नवल नव्हतं. नवल हे की आता वारा लागला तरी जळायचं, आणि कापडाची ती शिवण तर जळती काडी ओढत न्यावी तशी बरगडीवरून जायची. म्हणून ती सगळे कपडे उलटे घालत असे. गुळगुळीत बाजू आत, शिवण बाहेर. गळ्यातून चढवायचे बिनबटणांचे सदरे, कामावर त्यावर पांढरा ॲप्रन, रस्त्यात वरून एक सैलसर शाल. जगाला काही कळत नाही अशी तिची समजूत होती. माणूस आपल्यापुरती अशी एखादी समजूत ठेवतो आणि बाकीचे तिला धक्का न लावता कडेकडेने जातात.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ॲप्रनच्या बाहीवर तपकिरी रंग सांडला, म्हणून ती तो काढून नळाखाली धरत होती. शेजारी रंगारी उभा होता. उतींचे पातळ काप रंगवण्याचं काम तो तीस वर्षं करत होता, आणि खरं नाव पगाराच्या दिवशीच वापरावं लागतं असं तो स्वतःच म्हणे.

“बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“तुम्ही विचारायचं कधी थांबलायत?”

“आज सदरा सरळ आहे.”

तिने खाली पाहिलं. निळ्या कापडाचा उजळ भाग बाहेर होता. म्हणजे शिवण आत होती. म्हणजे सकाळी आंघोळीनंतर, घराचा जिना उतरताना, बसमध्ये उभं राहून, रस्ता ओलांडताना, इथे येऊन तासन्‌तास सूक्ष्मदर्शकावर वाकून बसताना शिवण तिच्या बरगडीला लागतच होती. आणि तिला कळलं नव्हतं. हे तिच्या मनात पुरतं उमटायच्या आतच पाठीमागून ती जुनी काडी सरकन पेटली आणि बरगडीच्या कडेने पुढे आली. तिने बेसिनची कड धरली. “बसा, बसा,” रंगारी म्हणाला, “च्यायला, माझी जीभ. झाकली मूठ झाकली ठेवायला हवी होती.” तिने मान हलवली. तुम्हाला कधीपासून माहीत आहे, असं तिने विचारलं तेव्हा तो बाटलीचं झाकण घट्ट करत राहिला. “तुम्ही कपडे उलटे घालायला लागलात तेव्हापासून. आम्ही काय आंधळे आहोत? त्या वेळी पलीकडच्या खोलीतल्या एकीने दात काढले. तिला म्हटलं, बाई करतात त्याला कारण असणार, तू आपल्या नळ्या धू.” आणि मग, जणू याहून जास्त बोललं तर आगाऊपणा होईल, तो आपल्या मेण वितळवायच्या भट्टीकडे वळला. दोन वर्षं एक अख्खी खोली तिचं गुपित न बोलता सांभाळत होती.

ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी बसली, कारण बसायला दुसरी जागा नव्हती. भिंगाखाली उंदराच्या कण्यालगतच्या चेतागाठीचा काप होता. चेतातंतू पाठीच्या कण्यात शिरण्याआधी वाटेत अशी एक बारीकशी गाठ असते; तिच्यात मोठाल्या गोल चेतापेशी, आणि प्रत्येकीला बिलगून लहान चपट्या पेशींचं एक कडं. या कड्यातल्या पेशी ग्लिया जातीच्या. नावाचा अर्थ सरस, चिकटवायचा सरस. निरोप नेणं-आणणं चेतापेशींचं, आणि ग्लिया म्हणजे मधल्या फटी बुजवणारं सामान, असं शास्त्र कितीतरी वर्षं मानत आलं. लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या बायकांसारखं. कोण म्हणून विचारलं तर ‘घरच्याच आहेत’. ती या कडेच्या बायकांकडे पाहत आयुष्यभर बसली होती. विषाणूचा हल्ला झाला की त्या जाग्या होतात, फुगतात, आपसांत हात धरतात आणि रसायनं सोडतात. कण्याच्या आतल्या त्यांच्या बहिणी, ज्या एरवी बारीक फांद्या पसरून स्वस्थ असतात, त्यासुद्धा फांद्या आखडून अंग धरतात. हे सगळं बचावासाठी. पण कधी कधी विषाणू पुन्हा झोपी जातो, जखम भरते, आणि या मात्र जाग्याच राहतात. त्यांनी सोडलेल्या रसायनांनी चेतापेशी इतकी हळवी होते, की कापड लागलं तरी आग लागली म्हणून ओरडते. दुखणं खोटं नसतं. चेतापेशी खरंच ओरडते. हे तिने विद्यार्थ्यांना कैक वेळा फळ्यावर काढून दाखवलं होतं, आणि नागीण झाली तेव्हा रंगारी म्हणाला होता, “बाईंनी विषय घरी नेला.” ती तेव्हाही हसली होती. फक्त हसताना बरगडी हलणार नाही अशा बेताने.

पण सकाळचे ते काही तास कुठे गेले होते? तिने एक एक गोष्ट समोर ठेवून पाहिली, प्रयोग फसला की ठेवायची तशी. औषध तेच. झोप तशीच, अर्धीमुर्धी. पाणी तितकंच कोमट. एकच गोष्ट वेगळी होती आणि ती ध्यानात यायला वेळ लागला, कारण ती घडलेली नव्हती, न घडलेली होती. सकाळी घरी थोरल्या बहिणीने, ताईने, विचारलं नव्हतं. रोज सकाळी, डोळे उघडतात न उघडतात तोच, ताई दारात उभी राहून विचारायची, “आज किती?” दहापैकी किती दुखतं ते सांगायचं, दवाखान्यातली ही रीत ताईने घरी आणली होती आणि दवाखान्याने सोडली तरी तिने सोडली नव्हती. मग धाकटी स्वतःच्या आत दुखणं शोधायला जायची. अंथरुणात पडल्या पडल्या बरगडीपाशी जायची, कान देऊन ऐकायची, आणि तिथे कुणी नसलं तरी हाक मारल्यावर कुणीतरी यायचंच. “पाच,” ती म्हणायची, किंवा “सात.” ताईचा चेहरा त्या आकड्यासारखा व्हायचा, आणि मग उलटा सदरा हातात यायचा. आज सकाळी ताई बाहेरच्या खोलीत फोनवर होती, पाठमोरी. तिने स्वतःच सदरा ओढला आणि घातला. हे फार सोपं जुळत होतं, म्हणून तिचा त्याच्यावर भरवसा बसेना. एका सकाळवरून काही सिद्ध होत नाही. विद्यार्थ्याने असा निष्कर्ष लिहून आणला असता तर तिने तो लाल रेघेने कापला असता.

ताई पंधरा दिवसांसाठी आली होती. हातात एक पिशवी, पिशवीत दोन लुगडी आणि एक हातोडी. “हातोडी कशाला?” असं तिने तापात विचारलं तर ताई म्हणाली, “हात रिकामा असला की मला झोप लागत नाही.” ताई बूट करायची. दुकानात मांडून विकायचे नव्हे. एक पाय आखूड असलेल्यांचे, पाऊल आत वळलेल्यांचे, बोटं गमावलेल्यांचे. दुसऱ्या गावात, एका उतरत्या गल्लीत तिचं दुकान होतं, आणि त्याच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या पावलांचे लाकडी साचे ओळीने मांडलेले असत. लहानपणी धाकटीला ते पाहून वाटायचं की शेकडो माणसं तिथे घोट्यापर्यंतच उभी आहेत आणि बाकीचं अंग कुठेतरी विसरून आलीत. वडिलांचा धंदा, मुलगा नव्हता म्हणून थोरलीने उचलला, आणि धाकटीच्या शिक्षणाचा खर्चही त्यातूनच निघाला. ताईने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “माझ्या मापाचा साचा मिळाला नाही.” तर ही ताई नागिणीच्या दुसऱ्या दिवशी आली, आणि पाचव्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिचे सदरे पालथे घालून शिवणींवर हातोडी मारायला बसली. चामड्याची शिवण पायाला बोचू नये म्हणून ठोकून बसवतात, मग कापडाची का नाही बसणार! ठकठक ऐकून खालच्या मजल्यावरची बाई तणतणत वर आली. “घरात काय कारखाना काढलाय?” ताईने तिच्याकडे पाहिलंच नाही, तिच्या चपलांकडे पाहिलं. “डावी टाच बाहेरून झिजलीय तुमची. कंबर धरते ना सकाळी?” त्या बाईच्या चपलेत चामड्याची एक चकती गेली, आणि तेव्हापासून ती तक्रार करायला यायची ती हातात वाटी घेऊन. आता ते सगळं आठवून तिला हसू आलं आणि बरगडीने लगेच तिला अडवलं नाही. दुखत होतं, पण हसू पुरतं होऊ दिलं.

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष, वर्षाची दोन. दुकान कारागीर बघत होता. वडिलांच्या वेळचा माणूस, हात चांगला, पण माप घ्यायला धजायचा नाही. माप ताईच घेणार. गुडघ्यावर बसून, अनोळखी पाऊल मांडीवर घेऊन, डोळे मिटून अंगठ्याने चाचपणार. लोक सहा महिने थांबले, वर्ष थांबले. एका शाळेतल्या बाईंचा निरोप आला होता की जुने बूट दोनदा शिवून झाले, आता वर्गात उभं राहवत नाही, ताईंना विचारा कधी येतात. ताई निरोप ऐकून “बघू” म्हणाली आणि तिच्यासाठी दूध तापवायला गेली. गेल्या हिवाळ्यापासून तिला एक वाक्य ताईला सांगायचं होतं. ते तयार होतं, तोंडापर्यंत येत होतं, आणि येताना त्याचं तोंडच बदलायचं. जिने आपल्याला शिकवलं, जिने आपली अंथरुणं धुतली, ओल्या फोडांवरून पिसासारखा हात फिरवला, तिला दार दाखवायचं? उपकाराची ही फेड? आणि दुसरं, जे ती स्वतःशीही हळूच बोलायची: ताई गेल्यावर रात्री त्या काड्या पेटल्या तर हाक कुणाला मारायची? कृतज्ञता आणि भीती एकमेकींना इतक्या बिलगून बसल्या होत्या, की कुठली संपते आणि कुठली सुरू होते ते तिच्या सरावलेल्या डोळ्यांनाही दिसत नव्हतं.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. ताई टेबलाशी बसली होती आणि समोर फोन होता, एखादं दुखरं पाऊल ठेवावं तसा मऊ फडक्यावर.

“आलीस? चिमे, बस. चेहरा का असा? आज किती?”

“आत्ता सहा.”

“आणि सकाळी?”

“सकाळी माहीत नाही. तू विचारलं नाहीस.”

ताईने कपाळावर हात मारला. “अगं बाई, चुकलंच. त्या कारागिराने सकाळी सकाळी डोकं खाल्लं. त्याला दुसरीकडून बोलावणं आलंय. म्हणतो, ताई, एक काय ते सांगा. तुम्ही येणार असाल तर मी हलत नाही, नसाल तर दुकान मालकाला परत करून टाकू. संध्याकाळी फोन करणारे. करू दे. सांगून टाकते, कर परत. तुझ्या बरगडीपुढे काय दुकान घेऊन बसायचंय.”

ती समोर बसली. मग तिने सरळ सदऱ्याची गोष्ट सांगितली, जेवढी घडली तेवढीच, निष्कर्ष न काढता. ताई ऐकत होती आणि तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर पुढेमागे फिरत होता, लाकडातला उंचवटा शोधत.

“म्हणजे मी विचारते म्हणून तुला दुखतं, असं म्हणायचंय?”

“नाही गं. दुखतं ते दुखतंच. तुझ्यामुळे नाही.”

“मग कुणामुळे? कांजिण्या कुणाकडून आल्या तुला?” ताई एकदम म्हणाली. “माझ्याकडूनच ना? मला आधी झाल्या. तूच सांगितलंस तापात, की ताई, हा तोच विषाणू, लहानपणचा, पन्नास वर्षं आत झोपला होता. मी रात्रभर त्याच विचारात बसले होते. म्हटलं, बघ, मीच आणून दिलेला पाहुणा. मीच काढायला हवा.”

तिला लहानपणची ती खोली आठवली. खिडकीला लावलेलं जाड कापड, एकच गादी, आणि अंगभर खाज. ताईचं स्वतःचं अंग खपल्यांनी भरलेलं, तरी तिने धाकटीचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले होते, ओरबाडू नये म्हणून, आणि ती गोष्टीवर गोष्ट सांगत होती. एका राजाची, ज्याचा एक पाय आखूड होता. किती दिवस धरले होते ते हात? खाज गेल्यावरही धरले होते. ती सोड म्हणाली होती, आणि ताई म्हणाली होती, “अजून एक दिवस.” तापात आपण एक शास्त्रीय सत्य सहज बोलून गेलो आणि ताई त्याला दोन वर्षं खांद्यावर घेऊन उभी आहे. तिला आपल्या भिंगाखालची ती चपट्या पेशींची कडी दिसली, रंगाने तपकिरी झालेली. ती त्यांना कधी वैरी म्हणू शकली नव्हती. धोका टळला हे त्यांना कुणी येऊन सांगितलेलंच नसतं.

“ताई,” ती म्हणाली, “तेव्हा शाळेतल्या अर्ध्या मुलांना कांजिण्या होत्या. तू नसतीस तर शेजारच्या बाकावरून आल्या असत्या. आणि तू माझे हात धरले नसतेस तर माझ्या तोंडावर आज खड्डे असते. हे मी तुला कधी सांगितलंच नाही.”

“सांगायचं काय त्यात. वेडी कुठली.” ताईने नाक ओढलं. “तोंडावर खड्डे असते तर तुझं नाक तरी एवढं वर गेलं नसतं. प्रोफेसरीण.”

दोघी हसल्या. खिडकीतलं ऊन ताईच्या हातांवर आलं होतं. त्या हातांवरची आऱ्यांची, दाभणांची जुनी भोकं आता बुजत आली होती, अंगठ्याखालचा घट्टा मऊ पडला होता. दोन वर्षांत ते हात तिच्या हातांसारखे होत चालले होते. तिने ते पाहिलं होतं, रोज दूध घेताना पाहिलं होतं, आणि पाहूनही कधी पाहिलं नव्हतं. बरगडीवर काडी ओढली गेली, नेहमीच्या वाटेने, कण्यापासून पुढे. तिने तिला जाऊ दिलं. आज बरं वाटतंय म्हणून बोलावं, की बरं वाटेपर्यंत थांबावं, असा जो हिशेब ती हिवाळ्यापासून मांडत होती तो मुळातच चुकलेला होता. बरं वाटायची वाट पाहिली तर ताईचे हात तोवर पुरते बरे होऊन जातील.

फोन वाजला. ताईला अलीकडे कमी ऐकू येत असल्याने ती तो टेबलावर ठेवूनच बोलायची, आवाज मोठा करून. खोलीत कारागिराचा घसा खाकरण्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागे गल्लीतला गलका, कुणाची तरी सायकलची घंटा.

“ताई, मी बोलतोय. काय ठरवलंत?”

ताईने श्वास घेतला. ओठ ‘परत’ या शब्दासाठी जुळले आणि तसेच राहिले. तिने धाकटीकडे पाहिलं नाही, फोनकडेही पाहिलं नाही. ती खाली पाहत होती, फरशीवरच्या आपल्या पावलांकडे.

“हॅलो? ताई? ऐकू येतंय का?”

“येतंय,” धाकटी म्हणाली. ताईच्या ऐवजी तीच म्हणाली, आणि आपला आवाज एवढा साधा निघावा याचं तिला नवल वाटलं. तिने हात पुढे करून ताईचा मऊ पडलेला अंगठा धरला. “काका, जरा थांबा. मला आधी तिच्याशी बोलू दे. ताई, मला अजून दुखतंय, आणि दुखत राहील, कधी कमी, कधी जास्त. रात्री फार झालं तर मी फोन करीन, आणि तू उचल. पण तू आता घरी जा.”